धारेची धार : निशातगंजच्या कागदापासून घरगुती जलकर्तन यंत्रापर्यंत

आपल्या मराठीत ‘धार’ हा एकच शब्द दोन कामे करतो. विळीला धार असते आणि कासंडीत पडणाऱ्या दुधाचीही धार असते. सुरी बोथट झाली की तिला आपण धार लावतो, आणि गाय पान्हवली की तिची धार काढतो. या दोन धारांचे एकमेकींशी काही नाते असावे असे आपल्या पूर्वजांना वाटले होते की नाही, हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रज्ञांनी मात्र ते नाते प्रत्यक्ष जोडून दाखविले. पाण्याची धार इतकी बारीक आणि इतकी वेगवान करावयाची, की तिलाच सुरीची धार यावी आणि तिने कागद, रबर, काच, संगमरवर, एवढेच काय, पोलादाचे जाड पत्रेही कापावेत, हे आज कारखान्यांतून नित्याचे झाले आहे. याहून नवलाची गोष्ट अशी की, असले यंत्र घराच्या मागील पडवीत, सुट्या भागांची जोडाजोड करून उभे करणारी हौशी मंडळीही आता जगात ठिकठिकाणी आहेत.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा रुक्ष विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. लखनौ आणि मराठी माणूस म्हटले की पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे आणि त्यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली येथे निघालेल्या मॅरिस कॉलेजचे स्मरण होते, आणि ते होणे योग्यच आहे. त्या विषयावर अधिकारवाणीने लिहिणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु परमुलखात येऊन राहिलेल्या आपल्या कुटुंबांपैकी कित्येकांचा संसार सुरांवर नव्हे, तर यंत्रांवर उभा राहिला. कोणी रेल्वेच्या मानकनगर येथील संशोधन संस्थेत, कोणी विमानांचे भाग बनविणाऱ्या कारखान्यात, कोणी एखाद्या लहानशा वर्कशॉपमध्ये आयुष्य वेचले. त्या मंडळींच्या वतीने चार पाने मागण्याचा हक्क प्रस्तुत लेखकाने बजावला आहे. शिवाय, ज्या निशातगंजात आपण भाजीपाला घेतो आणि ज्याच्या क्रमांक लावलेल्या गल्ल्यांतून नवा पाहुणा हमखास चुकतो, त्या निशातगंजाचाच या विषयाशी जुना ऋणानुबंध आहे.

निशातगंजाला लागून असलेली पेपर मिल कॉलनी सर्वांच्या परिचयाची आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितले की तो बिनचूक आणून सोडतो. ‘मिल कोठे आहे?’ असे मात्र त्याला विचारू नये, कारण मिल गेली आणि नाव राहिले. ही मिल म्हणजे १८७९ साली स्थापन झालेली ‘अपर इंडिया कूपर पेपर मिल्स’. कूपर हे नाव त्या काळी या प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर असलेले सर जॉर्ज कूपर यांचे. लखनौला कागदाची गिरणी निघावी याला सबळ कारण होते. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली येथे छापखाना काढला होता, आणि पाहता पाहता अरबी, फारसी, उर्दू, हिंदी व संस्कृत ग्रंथ छापणारा तो हिंदुस्थानातील एक अग्रगण्य छापखाना झाला. एवढ्या ग्रंथांना कागद हवा, आणि तो विलायतेहून आणावयाचा तर खर्चाला पार नाही. तेव्हा या मिलच्या उद्योगात मुन्शीजींचाही संबंध यावा, हे ओघानेच आले. तराईतले भाबर गवत, चिंध्या आणि गोमतीचे पाणी, एवढ्या सामग्रीवर हा उद्योग चालला.

या तिहींत सर्वांत महत्त्वाचे काय, असे विचारल्यास कागदाचा कारागीर ‘पाणी’ असेच उत्तर देईल. कागद पाण्यात जन्मतो. गवत शिजवून व कुटून केलेला लगदा यंत्राच्या जाळीवर सोडतात, तेव्हा त्याच्या शंभर भागांत नव्व्याण्णवाहून अधिक भाग पाणीच असते. जाळी धावत असते, पाणी खाली गळत असते, आणि तंतू एकमेकांत गुंतून त्यांचा एक ओला, नाजूक पडदा तयार होतो. या पडद्याच्या दोन्ही कडा वेड्यावाकड्या येतात. त्या सरळ करावयाच्या तर कशाने? ओल्या लगद्याला पाते लावले की तो फाटतो, तंतू पात्याला चिकटतात, आणि खालची महागडी जाळी कापली जाण्याची भीती निराळीच. यावर कागदयंत्र बांधणाऱ्यांनी काढलेला उपाय असा, की दोन्ही बाजूंस बारीक तोटी बसवावी आणि तिच्यातून सुटणाऱ्या पाण्याच्या धारेने कडा कापावी. धार लगद्याला दुभागते आणि जाळीतून निरुपद्रवीपणे निघून जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे १९३३ साली सरकत्या कागदाला तिरकी चालणारी जलधार लावून तो कापण्याचे यंत्रही सिद्ध झाले. जलकर्तनाचा इतिहास लिहिणारे बहुधा येथूनच आरंभ करतात. पाण्याने कापावयाची पहिली वस्तू कागद ठरली, ती यामुळे.

कागद मऊ आणि तोही ओला. त्याला कापण्यात पुरुषार्थ तो कोणता, अशी शंका योग्य आहे. पाण्याच्या धारेत खरा जोर किती असू शकतो हे पाहावयाचे असेल, तर वाचकांना थोडा वेळ मायदेशी, खंडाळ्याच्या घाटाखाली नेले पाहिजे. मुंबई-पुणे प्रवासात आपण सर्वांनीच घाटाच्या कड्यावरून उतरणारे काळे नळ पाहिले आहेत. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला उतरते. टाटांचे हे वीजघर १९१५ साली सुरू झाले. नळाच्या तळाशी पाण्याचा दाब सुमारे ५० बार होतो. (बार म्हणजे ढोबळमानाने आपल्या भोवतालच्या हवेचा दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅमचा भार.) तोटीतून हे पाणी सुटते, ते सेकंदाला जवळजवळ १०० मीटर वेगाने, आणि चाकाच्या परिघावरील पोलादी वाट्यांवर आदळून ते चाक फिरविते. या प्रकारच्या चाकांची देखभाल करणाऱ्यांना एक अनुभव नेहमी येतो. पाणी निवळ असेल तोवर वाट्या वर्षानुवर्षे टिकतात. त्यात बारीक वाळू आली की त्याच वाट्या झिजून, कुरतडून जातात. म्हणजे कठीण पोलाद खाण्याची शक्ती पाण्याबरोबर धावणाऱ्या वाळूच्या कणांत असते. वीजघरवाल्यांना ही वाळू शत्रू वाटली. पुढे याच शत्रूला चाकरीस लावणारा माणूस भेटला, त्याची हकीकत पुढे येईलच.

घाटाच्या पाण्याची गोष्ट निघाली असता मुळशीचा उल्लेख टाळून पुढे जाणे मनाला पटत नाही. याच योजनेच्या पुढच्या टप्प्यासाठी मुळशी पेट्यातील मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला, आणि त्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ केले. धरण झाले आणि जमिनी बुडाल्या. पाण्याच्या दाबाचा हिशेब मांडताना डोंगराची उंची मोजतात. त्या उंचीवर राहणारी माणसे या हिशेबात येत नाहीत. कॅलिफोर्नियात तर याहून भयंकर प्रकार झाला. तेथे १८५३ पासून सोन्याच्या लोभाने तोफेसारख्या तोट्यांतून पाण्याचे लोट सोडून डोंगरच्या डोंगर धुऊन काढले. तो गाळ नद्यांत आला, खालची शेते व गावे गाळाने भरली, आणि अखेर १८८४ साली शेतकऱ्यांच्या बाजूने न्यायालयाने हे उद्योग थांबविले. असो.

येथवर पाण्याचा जोर आला तो उंचीमुळे. उंचीवाचून, चार भिंतींच्या आत तो निर्माण करावयाचा तर पाणी कोंडून दाबले पाहिजे, आणि कोंडलेले पाणी फट शोधते. या सबंध विद्येचे मर्म माझ्या मते येथे आहे. पाण्यावर दाब आणणे अवघड नाही. दाबलेले पाणी गळू न देणे अवघड आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली जलदाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्यावर थोडा जोर द्यावा आणि मोठ्या दट्ट्यावर तो अनेक पटींनी मिळावा, हे त्याचे तत्त्व पास्कलपासून विद्वानांना ठाऊक होते. परंतु दट्ट्याच्या भोवतालून पाणी गळे, आणि सैल सोडावे तर दाब येईना, आवळावे तर दट्ट्या हलेना. वाटीच्या आकाराचे चामड्याचे वायसर बसवून ही अडचण सोडविण्याचे श्रेय हेन्री मॉडस्ले या त्याच्या कारागिराला दिले जाते. पाण्याचा दाब जसा वाढे तशी चामड्याची कड आपोआप दट्ट्याला अधिकाधिक घट्ट बिलगे. विहिरीवरच्या हातपंपात जे चामड्याचे वायसर आपण बदलीत आलो, ते याच घराण्यातले. तत्त्व विद्वानाचे, पेटंट मालकाचे आणि वायसर कारागिराचे, ही वाटणी यंत्रांच्या इतिहासात वारंवार भेटते.

पुढची दीडशे वर्षे मी झपाट्याने ओलांडतो. १९५० नंतरच्या दशकांत नॉर्मन फ्रान्झ या वनविद्येच्या अभियंत्याला लाकूड कापण्याची नवी रीत हवी होती. करवतीने कितीतरी लाकडाचा भुसा होतो. तो वाचावा म्हणून त्याने अतिउच्च दाबाच्या बारीक जलधारेचे प्रयोग केले. लाकडाच्या धंद्यात ही रीत फारशी रुजली नाही, परंतु १९७२ साली अमेरिकेतील एका कारखान्यात या पद्धतीचे पहिले व्यापारी यंत्र बसले, तेव्हा त्याला काम मिळाले ते जाड कागदाच्या नळ्या कापण्याचे. फिरून कागदच! त्यानंतर मूळचे इजिप्तचे मोहम्मद हशीश या संशोधकांनी १९७९ च्या सुमारास धारेत कठीण खनिजाची वाळू मिसळण्याचा मार्ग हाती घेतला, आणि १९८३ साली मोटारींच्या काचा कापणारे असे यंत्र विकले गेले. जी वाळू चाकांच्या वाट्या खात होती, तीच आता मोजून, चाळून, विकत आणून धारेत सोडली जाऊ लागली. ही वाळू गार्नेटची. आपण ज्याला गोमेद म्हणतो ते रत्न याच कुळातले. तमिळनाडू आणि ओडिशा यांच्या समुद्रकिनाऱ्यांवर ही लालसर वाळू मिळते.

कारखान्यातील यंत्राची रचना समजून घेणे कठीण नाही, आणि निशातगंजहून फैजाबाद रस्त्याने थोडे पुढे गेल्यास तिचे अर्धे गमक सापडते. त्या रस्त्यावर १९७० साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना सुरू झाला, आणि विमानाची चाके उचलणाऱ्या, पंख्यांची दारे हलविणाऱ्या तेलदाबाच्या यंत्रणा बनविणे हे त्याच्या कामांपैकी एक आहे. नाशिकजवळचे ओझर आणि लखनौ ही एकाच संस्थेची दोन ठाणी असल्यामुळे ओझरची मराठी मंडळी येथे येणे नवलाचे नाही. विमानातील तेलाचा दाब सामान्यतः २०० बारच्या आसपास असतो. जलकर्तन यंत्रातही आरंभ याच दाबाच्या तेलाने होतो. हे तेल एका मोठ्या दट्ट्यावर ढकलतात, आणि त्याच्याच दांडीचे टोक पाण्यावर लहान दट्ट्याचे काम करते. क्षेत्रफळात वीसपट फरक ठेवला की २०० बारचे ४,००० बार होतात. एवढ्या दाबाखाली, ज्याला आपण शाळेत ‘दाबता न येणारा पदार्थ’ म्हणून शिकलो, ते पाणीसुद्धा सुमारे एक-अष्टमांशाने आकसते! मग ते नीलम, माणिक किंवा हिऱ्यात पाडलेल्या, मिलिमीटरच्या तृतीयांशाएवढ्या छिद्रातून सुटते, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर, म्हणजे हवेतील ध्वनीच्या अडीच पटींहून अधिक असतो.

आता घरगुती यंत्राकडे वळू. परंतु त्याआधी, घरी यंत्र बांधण्याची खुमखुमी ही काही परकी गोष्ट नव्हे, एवढे सांगितले पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे लोखंडी नांगर सर्वांना आठवतात. पण नांगराच्याही आधी बेळगावच्या आपल्या लहानशा कार्यशाळेत त्यांनी बनविली ती कडबा कापण्याची यंत्रे. १८८८ साली सायकलीच्या दुकानाने ज्याचा आरंभ झाला, त्या उद्योगाने पहिल्याप्रथम हाती घेतलेले यंत्र कापण्याचेच असावे, ही गोष्ट आमच्या विषयाला पोषक म्हणून मी मुद्दाम नोंदवितो. बेळगावातील जागा सोडावी लागली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आश्रय दिला, आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाचा नांगर जमिनीला विष देतो अशी समजूत त्या वेळी शेतकऱ्यांत होती, आणि नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. तरीही ते नांगर, आणि पुढे पंप, त्याच माळावर तयार झाले. हाताशी असलेल्या साधनांतून, मिळेल त्या लोखंडातून, आधी एक यंत्र करून पाहावे आणि वापरणाऱ्याची तक्रार ऐकून दुसरे सुधारावे, ही त्यांची रीत होती.

समजा, अशा रीतीने निशातगंजच्या एखाद्या गल्लीतील घरामागे जलकर्तन यंत्र उभे करावयाचे आहे. दाब कोठून आणावयाचा? लाटूश रोडच्या बाजारात मोटारी धुण्याचे दाबपंप मिळतात. मध्यम प्रतीचा पंप १५० बार दाबाने मिनिटाला सुमारे ७ लिटर पाणी देतो. या दोन आकड्यांचा गुणाकार केला तर सुमारे पावणेदोन किलोवॅट शक्ती होते. पंपाची व मोटारीची तूट धरली तरी घरच्या १५ अँपियरच्या जोडणीवर ते भागते. उलट, ४,००० बार दाबाने मिनिटाला अवघे ३ लिटर पाणी हवे म्हटले तर २० किलोवॅट लागतात. म्हणजे घर आणि कारखाना यांतील सीमारेषा विजेच्या मीटरनेच आखून ठेवली आहे. परंतु निराश होण्याचे कारण नाही. धारेचा वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. कारखान्याचा दाब घरच्या पंपाच्या जवळजवळ सत्तावीसपट असला तरी वेग सुमारे पाचपटच असतो. घरची धार सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने धावतेच. खोपोलीच्या धारेहून हा वेग बराच अधिक आहे, आणि खोपोलीसारख्या वेगाच्या धारेत वाळू आली म्हणजे पोलादाचे काय होते, ते आपण पाहिलेच. तात्पर्य, नुसत्या पाण्याने घरच्या यंत्रावर स्पंज किंवा थर्मोकोल कापता येईल. वाळू मिसळली तर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि भिंतीवरची फरशीही कापता येते, पण सावकाश.

पंपाबरोबर येणारी तोटी कामाची नाही. तिचे छिद्र एक मिलिमीटरहून मोठे असते आणि धार पंख्यासारखी पसरते. तिच्या जागी अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राचे कृत्रिम माणिक बसविलेली तोटी हवी. ते छिद्र पंपाच्या सर्व पाण्यापैकी मिनिटाला दीड लिटरच घेते. उरलेले पाणी मागे वळवून टाकीत सोडणारी झडप पंपावर नसेल, तर पंपाचे आयुष्य फार नाही. माणकाखाली लहानशी पोकळी, तिच्या बाजूला वाळूची नळी, आणि त्याखाली टंगस्टन कार्बाइडची सरळ, बारीक नलिका. धार पोकळीतून वेगाने जाते तेव्हा तेथील हवा ओढली जाते आणि हवेबरोबर वाळू आपोआप खेचली जाते. माणिक आणि नलिका एका रेषेत नसतील तर धार नलिकेची भिंतच कापत बसते. घरगुती यंत्रांची निम्मी कथा या एका रेषेत असते, आणि लेथवर हात बसलेल्या माणसाची किंमत येथे कळते. तोटीला आडवेउभे फिरविणारा सांगाडा, त्याच्या मोटारी आणि संगणकाची जोडणी ही एके काळी अशक्य वाटणारी बाब आज सर्वांत सोपी झाली आहे. अमेरिकेत पेन्सिल्वेनिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासप्रकल्पातून अशाच स्वस्त यंत्राची कल्पना निघाली, आणि २०१६ साली टेबलावर मावणारे जलकर्तन यंत्र लोकवर्गणीच्या मार्गाने बाजारात येण्यास सिद्ध झाले.

यंत्र चालविण्याला एक क्रम आहे. आधी पाणी, मग वाळू. थांबविताना आधी वाळू, मग पाणी. हा क्रम उलटला की ओली वाळू नलिकेत बसते आणि तास दोन तास सुईने उकरण्यात जातात. वाळू कोरडी हवी. लखनौच्या श्रावण-भाद्रपदात हे सोपे नाही. पाणी गाळून घ्यावे, कारण आपल्याकडील कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त असते आणि माणकाच्या छिद्राला एक कणही पुरतो. तोटीचे टोक पत्र्यापासून एक-दोन मिलिमीटरवर असावे. पत्र्याखाली पाण्याने भरलेली टाकी असावी, म्हणजे उरलेला जोर त्या पाण्यात विरतो. पत्रा ज्या पट्ट्यांवर ठेवावयाचा त्या पट्ट्याही हळूहळू कापल्या जातात; त्या स्वस्त लोखंडाच्या ठेवाव्यात आणि बदलीत जाव्यात.

मराठी घराला शोभेल असे पहिले काम म्हणजे दारावरची पाटी. येथे आपल्या लिपीचा एक अनपेक्षित गुण प्रत्ययास येतो. रोमन अक्षरे कापली की एकेक सुटे होऊन टाकीत पडते. देवनागरीत शिरोरेषेमुळे सबंध शब्द एकसंध राहतो. ‘कुलकर्णी’ कापावे, तर उकार, रफार व वेलांटीसह सर्व कुटुंब एका रेषेला लटकून बाहेर येते. मात्र ‘शिंदे’ कापावयाचे तर आधी विचार केला पाहिजे, कारण अनुस्वार कोणालाच धरून नसतो; त्याला बारीक देठ ठेवून रेषेशी जोडावे लागते. अक्षरांच्या पोटातील पोकळ्या आधी कापाव्यात आणि बाहेरची कड शेवटी, नाहीतर अक्षर सुटून हलते. धारेचा छेद सुमारे एक मिलिमीटर रुंद असतो, म्हणून नाजूक गाठी त्याहून मोठ्या काढाव्या लागतात. एका अक्षराची कड ६०० मिलिमीटर भरली आणि यंत्राची चाल मिनिटाला २० मिलिमीटर धरली, तर एका अक्षराला अर्धा तास लागतो. मिनिटाला १५० ग्रॅम वाळू या हिशेबाने साडेचार किलो गार्नेट आणि ४५ लिटर पाणीही लागते. बाजारात लेझरने हीच पाटी काही मिनिटांत होते. तेव्हा काटकसर म्हणून हे यंत्र कोणी बांधू नये. बांधावयाचेच तर दाब, वायसर आणि रेष यांची विद्या हातात यावी म्हणून बांधावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कडबा कापण्याच्या यंत्राला आपल्याकडे कडबाकुट्टी म्हणतात आणि अवधच्या खेड्यांतही ‘कुट्टी’ हाच शब्द आहे. दोन्हीकडे या यंत्रांत बोटे व हात गमावलेली माणसे भेटतात. गावठी बनावटीच्या मळणीयंत्रांनी उत्तर हिंदुस्थानात इतके हात तोडले की १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. पाते निदान दिसते. माणूस त्याला भितो. पाण्याची धार पाण्यासारखीच दिसते, आणि तिचा धोका तेथेच आहे. बारीक छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदून बोटात शिरते, त्यासाठी १५० बारही लागत नाहीत. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, रक्त येत नाही, पहिल्या घटकेला फारसे दुखतही नाही. माणूस फडके गुंडाळून कामाला लागतो. आत मात्र पाणी, वाळू आणि जंतू स्नायूंच्या आवरणांतून दूरवर पसरलेले असतात. काही तासांत हात सुजतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा पंजा कापावा लागतो. अशा जखमांची नोंद वैद्यकीय वाङ्मयात १९३७ पासून आहे. कितीही क्षुल्लक वाटली तरी ही जखम शस्त्रक्रियेची आहे. रुग्णालयात पोहोचताच ‘उच्च दाबाची धार लागली’ हे शब्द स्वतः उच्चारावेत, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून गळती कधीही बोटाने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहावी. पंप बंद केल्यावरही नळीत दाब कोंडलेला असतो, तो सोडल्यावाचून जोडणी खोलू नये. टाकीभोवती जाड पारदर्शक आडपडदा हवा, आणि यंत्र थांबविण्याचे बटण उभे राहून हात पोहोचेल अशा जागी. ओल्या जमिनीवर विजेची मोटार चालते, तेव्हा भूजोडणी आणि गळती होताच वीज तोडणारी कळ या दोन गोष्टी पंपाच्याही आधी विकत आणाव्यात. घरात लहान मुले असतील तर पडवीला कुलूप घालावे. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे, कारण आवाज पुष्कळ होतो आणि आपल्या गल्ल्या अरुंद आहेत. टाकीच्या तळाशी साचलेली वाळू नालीत लोटू नये. ती सिमेंटसारखी घट्ट बसते आणि पहिल्याच पावसात पाणी गल्लीत परत येते. ती गोणपाटावर पसरून वाळवावी. धातूचा कीस चुंबकाने आणि चाळणीने जमेल तेवढा वेगळा करावा. चाळून उरलेल्या वाळूपैकी जाड कण एकदा पुन्हा वापरता येतात, बारीक भुकटी मात्र टाकाऊच.